दोनशे दहा पावलं

७ ऑगस्ट २०११, भांगाचे दिवस
एल गारसेरो

एलिएसेर,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून कुणीतरी गेलं असं तुला वाटलं असेल, म्हणून पहिली ओळ हीच लिहिते: कुणी मेलेलं नाही. मी धडधाकट आहे, तुझी फुल्वियामावशी धडधाकट आहे, तिचा पोपटसुद्धा जिवंत आहे आणि अजून फादरना शिव्याच देतो.

नऊ वर्षांत पत्र नाही आणि आज कुठून उगवलं, असं म्हणशील. काम आहे म्हणून लिहिते. भलतंसलतं काही समजू नकोस. भांग आहे, पाणी ना धड चढत ना धड उतरत, शिंपले काढायला जाता येत नाही, तेव्हा हात मोकळा आहे एवढंच. तिसरीपर्यंतचं माझं शिक्षण, त्यातली दुसरी मी दोनदा केली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

पत्ता मावशीकडून मिळवला. बाप्तिस्म्याला तुला तिनं हातांवर धरलं होतं म्हणून ती तुझी अर्धी आई. अर्ध्या आईला दर नाताळाला पाकीट येतं, पुऱ्या आईला येत नाही. मी तिला म्हटलं, "एलिएसेरचा पत्ता दे."

"कुठला पत्ता? मला काय ठाऊक?"

"फुल्विया, तुझ्या पिठाच्या डब्याखाली आठ पाकिटं आहेत. त्यातली तीन मी वाचलीत."

तर म्हणते कशी, "तीनच?"

तेव्हा तू स्पेनमध्ये सलाडची पानं कापतोस हे मला ठाऊक आहे. तुला नोएलिया नावाची मुलगी आहे हेही ठाऊक आहे. फोटोत तिचे पुढचे दोन दात पडलेत. तो फोटो आता माझ्याकडे आहे, कसा ते विचारू नकोस.

तर काम असं. कोळंबीची तळी आता ओस पडलीत. कोळंबीला पांढरे ठिपके येऊन ती मेली, मालक एका रात्रीत बिऱ्हाड उचलून गेला. मागे राहिला पंपाचा सिमेंटचा ओटा आणि तुझ्या मशीननं घातलेला तो बांध. आम्ही अकरा बायकांनी ठरवलं, तळ्यात पुन्हा कांदळ लावायचं. एस्मेराल्दासहून हिमेना नावाची इंजिनिअर पोरगी आली, कानामागे पेन्सिल, पायात माझ्यापेक्षा मोठे बूट. चार हजार रोपं लावली रे! केळी लावतात तशी रांगेत. रविवारी लोक चर्चमधून थेट रांगा बघायला यायचे.

पाऊस थांबला आणि चारही हजार मेली. रस्सा विस्तवावर विसरला की कसा आटतो आणि मीठ कसं कडेला धरतं, तसं तळं झालं. पाण्याला यायला वाट नाही, जायला वाट नाही, ते काय जगवणार? हिमेना बांधावर बसून रडली. मावशी तिला म्हणाली, "रड, पोरी, तेवढंच तळ्यात गोडं पाणी." तीसुद्धा रडता रडता हसली. मग मावशीच म्हणाली, "डोळ्यांचं पाणीही खारटच की गं," आणि मग आम्ही सगळ्याच हसलो.

मग बांध फोडायचा ठरला. आणि इथं आम्ही म्हाताऱ्यांनी गाढवपणा केला. धक्क्याजवळ फोडला. का, तर दुपारी घरी जाऊन जेवता येतं! अडीच महिने फावड्यांनी खणलं. पाणी आलं, मी चिखलात नाचले, आणि ते आत येऊन बसलं ते बसलंच. बाहेर जाईना. हिरवं झालं, घाण मारायला लागलं, डासांचं राज्य झालं. हिमेना म्हणाली, पाण्याला तुमची सोय कळत नाही, त्याची जुनी वाट कुठे होती ती सांगा, खाडीचं तोंड कुठे होतं ते सांगा.

कुठे होतं? मी सांगते इथं, मावशी सांगते तिथं. आम्ही खुणा धरायचो त्या झाडांच्या. तीन बुंध्यांचं कांदळ, वाकडं कांदळ, बगळ्यांचं कांदळ. झाडंच नाहीत तर खूण कशाची? सपाट चिखल आणि त्यावर आकाश. चाळीस वर्षं जिथं डोळे मिटून गेले ती जागा मला सापडत नाही.

तोंड तू बुजवलंस. कुठे ते तुलाच ठाऊक. एवढंच लिहून कळव.

एउफ्रोसिना किन्योनेस


२० सप्टेंबर, पुन्हा भांग

एलिएसेर,

उत्तर आलं नाही. टपाल सावकाश असतं असं मावशी म्हणते. मी म्हटलं, तुला येणारं टपाल बरं वेळेवर येतं.

बातमी आहे. नगरपालिका आम्हाला एक खोदायचं मशीन देणार आहे. एकच दिवस. मार्चमध्ये, पौर्णिमेनंतरच्या सर्वांत मोठ्या उधाणाला. हिमेनानं सात कागदांवर सात शिक्के मिळवले. ती म्हणते, खड्डा एकच होईल, दुसरा मागायला मी जाणार नाही, माझी चप्पल झिजली. तेव्हा मार्चच्या आत जागा कळायला हवी. चुकली तर हे तळं आमच्या हयातीत असंच मेलेलं राहील.

बाकी इकडचं काय सांगू? आता शिंपल्यांसाठी पलीकडच्या बेटावर जातो, वल्हवत दोन तास. पूर्वी काळे शिंपले मुठीएवढे मिळायचे, आता अंगठ्याएवढे. लहान सापडला की तो परत चिखलात रोवायचा हे तुला मी शिकवलं होतं. आता दहातले सात परत जातात. हिमेना विचारते, तुम्ही हे कुठे शिकलात? मी म्हटलं, आईकडून, आणि आईच्या हातच्या चापटीकडून.

ती पोरगी मला शिकवायला बसली. म्हणे, पान पडतं, खेकडा ते बिळात ओढून नेतो, त्याचा कुजका चुरा होतो, त्या चुऱ्यावर शिंपले जगतात, लहान मासे वाढतात, ते मोठे होऊन समुद्रात जातात. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "आणि शिंपल्यांवर मी जगते, आणि माझं जे काही खाली पडतं ते पुन्हा खेकड्याला. हे लिहिलंस का वहीत?" लाजली बिचारी, पण लिहिलं.

एक गोष्ट मात्र तिच्या वहीत नाही. कांदळात आम्ही हाक द्यायचो ना, आठवतं? मुळांच्या जाळ्यात शेजारची बाई दिसत नाही, म्हणून प्रत्येकीची वेगळी हाक. मावशीची कोंबडीसारखी, माझी लांब, शेवटी वर चढणारी. होडीतून तू उलट हाक द्यायचास तीही शेवटी वर चढणारी. आता इथं कुणी हाक देत नाही. सगळ्या एकमेकींना दिसतात. तळ्याच्या उघड्या चिखलात अकरा बायका ओणव्या, आणि आवाज म्हणून नाही.

मला ते आवडत नाही, एवढंच सांगायचं होतं.

एउफ्रोसिना किन्योनेस


१८ नोव्हेंबर

एलिएसेर,

अजून काही नाही. बरं.

आज बेटावर कांदळाच्या शेंगा गळत होत्या. हातभर लांब. ते बी आईच्या अंगावरच रुजतं, झाडावर लोंबतानाच त्याला मूळ फुटतं, आणि मग सुटतं. खाली चिखल मिळाला तर तिथंच उभं राहतं. भरती असली तर वाहत जातं. महिनोन् महिने वाहतं म्हणे, खाऱ्या पाण्यात कुजत नाही, आणि जिथं टेकेल तिथलं होतं. तू टेकलास का रे तिथं? तिथल्या मातीला मीठ आहे का? मावशीच्या पत्रात तू लिहिलं आहेस की समुद्र तासाभरावर आहे पण तो चढतही नाही, उतरतही नाही, नुसता असतो. ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (ते चौथं पत्र. मी आता सगळी वाचलीत.)

तू उत्तर का देत नाहीस ते मला ठाऊक आहे. होडीबद्दल मी लिहीन अशी वाट बघतोस. लिहिते.

ती तुझ्या बापानं एका खोडातून कोरली होती, नाकाला लाल रंग दिला होता. तोंडाशी पाण्याला ओढ फार, तू टाकलेली माती टिकेना. मुकादम म्हणाला काहीतरी आडवं टाक. तू होडीत दगड भरलेस आणि ती आडवी बुडवलीस. संध्याकाळी घरी येऊन म्हणालास, "आई, जुनी झाली होती, तुला फायबरची नवी घेऊन देतो." आणि मी धक्क्यावर, सगळ्यांदेखत म्हणाले, "या खाडीत पाणी परत येईल तेव्हाच माझ्या दारात पाय ठेव."

मला वाटलं तू भांडशील. तू भांडला नाहीस, तू गेलास. मी हे वाक्य आठवडाभरात विसरले असते रे. तू लक्षात ठेवलंस.

एउफ्रोसिना


१६ जानेवारी २०१२, भांग

एलिएसेर!

आलं! मुइस्नेहून बोटवाला ओरडतच आला, "डोन्या एउफ्रो, स्पेनचं पाकीट!" सगळा धक्का गोळा झाला. मावशी म्हणाली, "माझं असेल." मी म्हटलं, "नाव वाच. वाचता येतं ना?"

कांद्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तू काढलेला बांध. पंपाचा ओटा, त्यावरून समुद्राकडे बाण, आणि आकडा: १४० पावलं. तिथं फुली. बस. 'आई' एवढा शब्दसुद्धा नाही. मी पुठ्ठा उलटा करून बघितला, उन्हात धरून बघितला, वाससुद्धा घेतला. कांद्याचा होता.

मग लक्षात आलं. पावलं तू मोजून ठेवली होतीस. बुजवायचं तर कुणी मोजतं का? नऊ वर्षं तो आकडा डोक्यात घेऊन तू सलाड कापत होतास. तेव्हा शब्द नसला तरी चालेल.

आणि खाली कोपऱ्यात रंगीत पेन्सिलीनं: "आजी, कांदळ म्हणजे काय? बाबा सांगत नाहीत."

आजी! मला! मावशीनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा मी तिला तीनदा वाचायला लावलं, मला वाचता येत असून. पोपट आता 'आजी' म्हणायला शिकलाय. हे तिला वाचून दाखव:

नोएलिया, कांदळ म्हणजे पाय असलेलं झाड. ते चिखलात पाय रोवून समुद्राच्या पाण्यात उभं राहतं आणि त्याला सर्दी होत नाही. त्याच्या पायांत खेकडे राहतात, शिंपले राहतात, आणि मोठी लाट आली की ते ती अंगावर घेतं आणि गावाला म्हणतं, झोपा. आता आणखी दात पडले तर खालचे छपरावर टाक आणि वरचे उंबऱ्याखाली पूर.

बाबा सांगत नाहीत कारण त्यांना लाज वाटते. पण सगळी लाज त्यांची एकट्याची नाही, आणि हे मी तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी लिहिते.

एलिएसेर, मशीनवरची नोकरी तुला मिळाली तेव्हा तू मला विचारलं होतंस. चुलीपाशी मी केळी सोलत होते. तू म्हणालास, "आई, कांदळ तोडायचंय." आणि मी छपराकडे बघितलं. झावळ्यांचं छप्पर सात ठिकाणी गळत होतं. मी म्हटलं, "पत्रा किती दिवसांत होईल?"

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मावशीलाही नाही. मी तुला हो म्हटलं होतं. कांदळाचं मला काही वाटलं नाही, एवढं मोठं रान, थोडं गेलं तर काय, असं वाटलं. होडी गेली तेव्हा वाटलं. अजूनही पावसात तो पत्रा वाजला की मी उठून बसते.

आता एक भानगड सांगते. १४० पावलं मावशी चालली, काठी रोवली. मी चालले, माझी काठी पंधरा हात पुढे. हिमेना चालली, तिची आणखी पुढे. तीन काठ्या, मशीन एक. मावशी म्हणते, "त्याला धरलं मी होतं, माझी पावलं खरी." लिहून कळव, तुझं पाऊल केवढं? टपाल मार्चच्या आत पोचेल असं वाटत नाही, तरी लिहिते.

एउफ्रोसिना


११ मार्च, उधाण

एलिएसेर, बाळा,

आज शिंपल्यांना जाण्याचा दिवस आहे आणि मी घरी बसून लिहितेय, यावरूनच समज.

काल मशीन आलं. पहाटेची ओहोटी, सगळं गाव बांधावर, कुणी कच्च्या केळ्यांचे गोळे, बोलोन, भाजून आणलेत, कुणी ढोल आणलाय. मशीनवाला मुलगा तुझ्याच वयाचा, म्हणजे तू गेलास तेव्हाच्या. त्यानं विचारलं, "डोन्या, कुठे?" तीन काठ्या त्याच्याकडे बघतायत. तुझं उत्तर नाही. हिमेनाची नखं खाऊन संपलेली. दुपारच्या भरतीच्या आत खणलं नाही तर गेलं.

आणि मला वाटेवरचा चिखल आठवला. मुइस्नेला बाजाराला जाताना तू पुढे, मी मागे, डोक्यावर बादली. घसरू नये म्हणून मी तुझ्या ठशांत पाय टाकायचे आणि ते जमायचं नाही, कारण तुझे दोन ठसे म्हणजे माझी तीन पावलं. रोज, कितीतरी वर्षं. तू वळून म्हणायचास, "आई, चल ना!" आणि मी म्हणायचे, "मेल्या, तुझे पाय बापाचे आहेत!"

तुझी दोन, माझी तीन. मी बोटांवर हिशेब केला, दोनदा केला, दुसरी दोनदा केल्याचा तेवढा उपयोग. दोनशे दहा.

ओट्यावरून निघाले. मोठ्यानं मोजत. मावशीची काठी गेली, माझी गेली, हिमेनाची गेली, मी चाललेच आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "डोन्या एउफ्रो समुद्रात निघाल्या, धरा!" सगळे हसले. एकशे नव्वद. दोनशे दहा. मी उभी राहिले आणि म्हटलं, "इथं."

मावशी धापा टाकत आली. "अगं, नक्की?"

मी म्हटलं, "मी त्याच्यामागून चाललेली आहे, तू नाही."

मशीननं चौथा घास घेतला आणि लाकूड वाजलं. मुलगा थांबला. मी म्हटलं, हळू. चिखलातून ती वर आली, नाकाकडचा अर्धा भाग, आतले दगड तसेच. कुजली नाही रे, काळी झाली आहे, पण नाकावर नखानं खरवडलं तर लाल निघतं. मी ती बाजूला ठेवून घेतली. धक्क्यावर तेव्हा होते तेच लोक काल होते, तेवढेच म्हातारे झालेले.

दुपारी पाणी आलं. आधी जिभेएवढं, मग हातभर, मग एकदम ढकलत, फेसाळत, तळ्याच्या पार टोकापर्यंत. ढोल सुरू झाला. मी नाचले नाही. एकदा नाचून फसले होते. येणं सोपं, मी म्हटलं, जाताना बघू.

मावशीनं काठावर काटकी रोवली. आम्ही बसलो. चार वाजले, पाच वाजले. काटकीपाशी पाणी हलेना. हिमेना प्रार्थना पुटपुटत होती, जी म्हणे देवाला मानत नाही. मग काटकीचा एक बोट भाग ओला दिसला. मग चार बोटं. मग तोंडाशी आवाज यायला लागला, तोच, गुळगुळ आवाज, लहानपणी तू त्याला खाडी जेवतेय म्हणायचास.

पाणी गेलं! कुणीतरी जातंय म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

आई


३१ मार्च, भांग

एलिएसेर,

फार लिहीत नाही, चुलीवर नारळाच्या रसात मासा आहे.

आम्ही एकही रोप लावलेलं नाही. हिमेना म्हणाली, थांबा, काही करू नका. अकरा बायकांना काही करू नका म्हणणं किती अवघड ते तिला कळलं. पण बेटावरून शेंगा वाहत येतायत. कालपर्यंत मी तीनशे सत्तर मोजल्या, मग मावशीनं मध्येच बोलून आकडा घालवला. काही आडव्या पडल्या आहेत, काही उभ्या राहिल्या आहेत, रांगेत एकही नाही. तोंडाशी खेकड्यांची बिळं दिसली, नवी माती बाहेर काढलेली. शिंपले यायला वर्षं लागतील. झाडं माझ्या कमरेएवढी होतील तेव्हा मी कुठे असेन कोण जाणे. पण होतील. मग पुन्हा आम्ही एकमेकींना दिसेनाशा होऊ आणि पुन्हा हाक द्यावी लागेल. मी माझी नोएलियाला शिकवीन, शेवटी वर चढणारी.

होडीचं नाक दाराशी टेकवून ठेवलंय. कोंबडी त्यात अंडी घालते.

धक्क्यावर बोललेला शब्द मागे घेणं मला जमलं नाही. किती वेळा पेन हातात घेतलं, जमलंच नाही, तू मला ओळखतोस. शब्द मागे घेता येईना, म्हणून मी तो पुरा करायला निघाले. ती चार हजार रोपं, ती अडीच महिन्यांची फावडी, ते सात शिक्के, लोकांना वाटतं शिंपल्यांसाठी. मीही त्यांना तसंच सांगते.

पाणी आता दिवसातून दोनदा येतं. तू एकदा ये.

आई